अर्धा किलो जंगल

आमच्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं एकाच जागी उभी असलेली एक स्कूटर आहे. जुलैतल्या एका सकाळी तिच्या कव्हराखालून 'फिस्सऽऽ' असा आवाज आला. साप असणार म्हणून वॉचमनकाका काठी घेऊन आले. काठीच्या टोकाने त्यांनी कव्हर वर केलं, तर आत मांजराचं पिल्लू. पाठीची कमान, कान डोक्याला चिकटलेले, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुललेली. काका दोन पावलं मागे सरकले, मी चार. त्या जिवाचं वजन नंतर आम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेल्यात बसवून केलं. ५४० ग्रॅम! त्यातही निम्मा राग असावा.

आज तेच मांजर आजीच्या मांडीवर पोट वर करून उताणं झोपतं. या दोन दृश्यांच्या मधे नेमकं काय घडलं? 'लळा लागला' हे उत्तर आपल्या जिभेवर तयारच असतं. पण लळा लागतो म्हणजे कुठे काय होतं? हे शोधायला बसले आणि चाटच पडले. मांजर हा प्राणी अजून पुरता माणसाळलेलाच नाही! कुत्र्यालाही लहानपणी माणसं भेटावी लागतात, पण त्याचं बरंचसं काम पूर्वजांनी करून ठेवलेलं असतं. मांजराच्या बाबतीत हा कारभार दर पिल्लागणिक जवळजवळ पहिल्यापासून करावा लागतो. हजारो वर्षांपूर्वी कुठल्याशा कणगीपाशी जे घडलं, तेच तुमच्या घरात पुन्हा घडतं, आणि त्यासाठी मिळतात मोजके आठवडे.

पण आधी आईबद्दल. एकटं पिल्लू दिसलं की आपल्याला वाटतं, आईने टाकलं. जरा थांबा. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ना? आकडा सोडून द्या, बाकी गोष्ट खरी आहे. जागेला वास सुटला, कुणी डोकावलं, पाणी शिरलं, की ती बिऱ्हाड हलवते. आणि तिच्याकडे टेम्पो नसतो. एका खेपेला एक पिल्लू, मानेची कातडी तोंडात धरून. मानेला तशी पकड बसली की एरवी वळवळणारं पिल्लू पाय पोटाशी घेऊन गुपचूप लटकतं, जणू कुणी बटण दाबलं. चार पिल्लं म्हणजे चार खेपा. तुम्हाला दिसलेलं 'अनाथ' बाळ म्हणजे कदाचित तिसऱ्या आणि चौथ्या खेपेच्या मधे राहिलेलं सामान! म्हणून लांबून नजर ठेवायची आणि काही तास जाऊ द्यायचे.

उसाच्या फडात पिल्लू सापडलं तर आणखीच सबुरी हवी. जुन्नरच्या बाजूला तोडणीच्या दिवसांत सापडणारी 'मांजराची पिल्लं' कधी कधी चक्क रानमांजराची निघतात. तो वेगळा प्राणी, वन्यजीव कायद्याने संरक्षित. त्याला घरी आणायचं नसतं. वनखात्याला कळवायचं. ते लोक पिल्लं सापडल्या जागी ठेवतात आणि रात्री आई येण्याची वाट बघतात.

आम्हीही दिवसभर वाट पाहिली. आदल्या दिवशी मांजरीने दोन पिल्लं नेलेली काकांनी पाहिली होती, पण तिसऱ्यासाठी ती फिरकली नाही. रात्री आभाळ फाटल्यासारखा पाऊस, पार्किंगमध्ये घोटाभर पाणी. पहाटे पिल्लू स्कूटरच्या पायदानावर थरथरत बसलेलं. मग जाड टॉवेल टाकून उचललं. (टॉवेल जाडच हवा. दात लागले तर रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागतात, पिल्लू कितीही गोजिरं असो.)

डॉक्टरबाईंनी आधी दात तपासले, मग डोळ्यांत पाहिलं. मांजराची पिल्लं डोळे मिटून जन्मतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी ते उघडतात तेव्हा सगळ्यांचे डोळे निळे! आणि त्या निळ्यात निळं असं काहीच नसतं बरं का. बुबुळात अजून रंगद्रव्य उतरलेलं नसतं. आत शिरलेला प्रकाश विखुरतो आणि आपल्याला निळं दिसतं. आभाळाचंही तेच, तिथेही कुणी नीळ घातलेली नाही. पुढे हळूहळू रंग भरतो आणि हिरवे, पिवळे, तांबूस डोळे तयार होतात. आमच्या पिल्लाच्या निळ्यात कडेने पिवळं उतरायला लागलं होतं, कैरीला पाड लागावा तसं.

"पाच आठवड्यांची आहे," बाई म्हणाल्या. "घाई करा."

कसली घाई?

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी पिल्लांवर एक साधा प्रयोग केला. काही पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून रोज थोडा वेळ हातात घेतलं, काहींना सातव्या आठवड्यापासून, काहींना मुळीच नाही. मोठी झाल्यावर पहिल्या गटातली मांजरं माणसाकडे आपणहून आली आणि रेंगाळली. सातव्या आठवड्यापासून हाताळलेली? ती कधीच न हाताळलेल्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. पिल्लाच्या डोक्यात जणू एक रेशनकार्ड असतं. दुसऱ्या आठवड्यापासून सातव्यापर्यंत त्यावर घरच्यांची नावं चढतात. त्या काळात आई, भावंडं, माणूस, कुत्रा, ज्याचा वास-आवाज-स्पर्श नित्याचा होईल तो घरचा. मग कचेरी बंद! नंतर नाव चढतच नाही असं नाही, पण हेलपाटे किती घालावे लागतात ते मोठं भटकं मांजर घरी आणलेल्या कुणालाही विचारा.

आमच्या हातात होते दोन आठवडे.

याहून मोठं नवल पुढे आहे. सगळं काही या हाताळण्यावरच अवलंबून असतं का? १९९५ साली संशोधक सॅन्ड्रा मॅक्यून यांनी बोक्यांकडे मोर्चा वळवला. मांजरांच्या संसारात बोका सहसा पाळण्याशी फिरकतही नाही. पिल्लांनी बाप पाहिलेलाच नसतो. तरीही माणसांशी मिळूनमिसळून असणाऱ्या बोक्यांची पिल्लं बुजऱ्या बोक्यांच्या पिल्लांपेक्षा धीट निघाली! आणि तीही माणसापुरतीच धीट नव्हती. खोलीत एखादी अनोळखी वस्तू ठेवली तरी हीच पिल्लं आधी जाऊन हुंगायची. म्हणजे बापाकडून येते ती धिटाई. तिला माणसाची ओढ म्हणायचं की नाही, हे पिल्लाला लहानपणी कोण भेटलं त्यावर ठरतं. त्यात मांजराच्या एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. स्कूटरखालच्या त्या तीन भावंडांपैकी कुणाच्या वाट्याला कुठला बाप आला होता, देव जाणे.

ही धिटाई कुठून आली याचा माग काढला की आपण थेट शेतीच्या आरंभाशी पोहोचतो. माणसाने धान्य साठवलं, धान्यापाशी उंदीर जमले, उंदरांमागे आलं उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं एक करड्या पट्ट्यांचं रानटी मांजर. त्याला कुणी पकडायला गेलं नव्हतं. बैलाला वेसण घातली, घोड्याला लगाम, मांजराला काय घालणार? ते आपलं आपण आलं. जे फार बुजरं होतं ते माणसाची चाहूल लागताच पळालं आणि उपाशी राहिलं. जे दहा पावलं जवळ थांबू शकलं त्याचं पोट भरलं. तेवढीच परीक्षा. ती पास झालेल्यांची पिल्लं पुढच्या वर्षी आठ पावलांवर थांबली असतील.

भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावर २००४ साली संशोधकांनी साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर उजेडात आणली. आत माणूस, आणि त्याच्यापासून जेमतेम हातभर अंतरावर वेगळ्या खड्ड्यात, नीट ठेवलेलं एक मांजर. वय सुमारे आठ महिने. आता गंमत बघा: सायप्रसवर मूळची मांजरंच नाहीत. म्हणजे कुणीतरी मांजर होडीत घालून समुद्रापार नेलं होतं! ज्यांनी मांजराला टोपलीत बसवून डॉक्टरकडे नेलं असेल, त्यांना या पराक्रमाची किंमत कळेल.

आणि इतक्या वर्षांत ते बदललं किती? कुत्र्याचा लांडग्यापासून पग झाला. मांजराचा सांगाडा त्याच्या रानटी भावाशेजारी ठेवला तर जाणकारालाही नीट निरखून बघावं लागतं. गोल वळणांचे पट्टेसुद्धा फार उशिरा, मध्ययुगात दिसू लागले. २०१४ साली पाळीव आणि रानटी मांजरांच्या जनुकांची तुलना झाली तेव्हा फरकाच्या जागा मोजक्याच निघाल्या. कुठल्या असतील? भीती, आठवण आणि 'असं केलं की खाऊ मिळतो' हे शिकणं, यांच्याशी निगडित असलेल्या! कणगीपाशी दहा पावलांवर थांबायला नेमकं एवढंच लागतं. पंजे, दात, कान, झेप, सगळं जंगलातलं जसंच्या तसं. बदललं ते फक्त भीतीचं माप.

पातेल्यात बसून फिसकारणाऱ्या त्या अर्ध्या किलोकडे मी मग वेगळ्याच नजरेने बघू लागले.

मोठ्या घरात पिल्लू आणखी घाबरतं, म्हणून त्याला सामानाची छोटी खोली दिली. एक आडवा खोका, त्यात आजीची जुनी सुती साडी. मी रोज चार-पाच वेळा जाऊन जमिनीवर नुसती बसायचे. टक लावून बघायचं नाही, कारण रोखलेली नजर म्हणजे धमकी. पहिले दोन दिवस नुसतं फिस्स. तिसऱ्या दिवशी लांब दांड्याच्या चमच्यावरचं खाणं तिने मान लांब करून चाटलं, अंग मात्र खोक्यातच. मग चमचा रोज बोटभर आखूड धरत गेले. पाचव्या दिवशी चमच्याऐवजी माझं बोट. खरखरीत, गरम जीभ. तिच्या जिभेवर मागच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात. आपल्याला वाटतं कुणी पॉलिश पेपर फिरवला. सातव्या दिवशी खाऊन झाल्यावर ती परत खोक्यात गेलीच नाही. माझ्या मांडीच्या कडेला पाठ टेकवून बसली. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण हलायची काय बिशाद!

दरम्यान आजी. "दूध-पोळी द्या की, मांजर आहे ते." आमचं घर शाकाहारी आणि आजीच्या माहेरची मांजरं म्हणे दूध-पोळीवरच पोसलेली. खरी गोष्ट अशी की ती मांजरं घरात दूध-पोळी खायची आणि माळ्यावर उंदीर. हिशेब तिथे पुरा व्हायचा! आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांची दुधातली साखर पचवायची ताकद कमी होते आणि गाईम्हशीच्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात. पण मुख्य अडचण वेगळीच आहे. टॉरिन नावाचा एक पदार्थ माणसाचं शरीर बनवू शकतं, मांजराचं पुरेसा बनवू शकत नाही. तो मांसात असतो, वनस्पतींत जवळजवळ नसतो. तो कमी पडला तर मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजतो हे १९७५ साली कळलं. पुढे १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या पॉल पियॉन यांनी दाखवून दिलं की हृदयही निकामी होतं, आणि टॉरिन देताच पुष्कळ मांजरांचं ते पुन्हा सावरतं. तेव्हापासून तयार खाण्यात टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं.

असं का? कारण ज्याच्या पूर्वजांच्या ताटात रोज मांसच होतं, त्याच्या शरीराने टॉरिन बनवायचा कारखाना चालवायचा कशाला? निसर्ग न लागणारी दुकानं बंद करतो. गोडाचंही तेच. फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २००५ साली दाखवलं की गोड चव ओळखायला लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरात मोडकं आहे. वाघातही आणि चित्त्यातही! मग मांजर बासुंदी का चाटतं? सायीसाठी. आपण आटवून आटवून गोड केलेलं त्याला कळतच नाही. आणि याच घराण्यातली तिसरी गोष्ट जिवावरची: वनस्पतींतली विषं निकामी करणारी यकृतातली एक यंत्रणाही मांजरात तोकडी पडलेली आहे, त्यामुळे पॅरासिटामॉलची एखादी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कणकण वाटते म्हणून माणसाचं औषध मांजराला कधीही देऊ नका.

हे सगळं ऐकून आजीने बाल्कनीत एक वेगळी वाटी ठेवली, वेगळा चमचा ठेवला आणि म्हणाली, "तिचा धर्म तिला."

तुळशीच्या कुंडीवरून मात्र ठिणगी उडाली. सामानाच्या खोलीतून सुटका होताच बाईसाहेबांनी बाल्कनीतली ती कुंडी गाठली, माती उकरली, उरकलं, आणि वरून माती लोटली. कुणी शिकवलं? कुणीच नाही. पहिले तीन आठवडे तर पिल्लाला आपणहून शी-शूसुद्धा करता येत नाही, आई चाटते तेव्हाच होते. मग एके दिवशी पंजे भुसभुशीत मातीकडे आपोआप वळतात. आपल्याला फक्त पसरट तसराळं आणि योग्य ती माती पुरवायची असते. आणि ही माती कुठून आली त्याची गोष्ट फार मजेची आहे.

१९४७ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात एड लोव नावाचा तरुण कारखान्यांत सांडलेलं तेल टिपायची माती विकत असे. शेजारची बाई मांजरासाठी वाळू मागायला आली. तोपर्यंत ती राख वापरायची आणि घरभर काळे पंजे उमटायचे. लोवने वाळूऐवजी तिला आपल्याकडची माती दिली. ती पुन्हा मागायला आली. मग मैत्रिणींसाठी मागायला आली. लोवने सव्वादोन किलोच्या पिशव्या भरल्या, पासष्ट सेंट किंमत लावली. वाळू फुकटात मिळत असताना माती विकत कोण घेणार, असं दुकानदार म्हणाला. तेव्हा लोव म्हणाला, फुकट वाटून टाक. लोक पैसे घेऊन परत आले! कोणती होती ती माती? आपली मुलतानी मातीच, किंवा तिची सख्खी बहीण म्हणा. आपण चेहऱ्याला लावतो ती. रात्री बाहेर सोडावं लागणारं मांजर चोवीस तास घरात, अगदी चौदाव्या मजल्यावरही राहू शकतं, यात तिचा मोठा वाटा आहे.

पिल्लू मादी आहे हे डॉक्टरबाईंनी शेपटीखाली न बघताच सांगितलं होतं. कसं? ती तिरंगी आहे: पांढऱ्यावर काळे आणि नारिंगी ठिगळं. म्हणून तर तिचं नाव गोधडी. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर बसतं. मादीत दोन एक्स. एकावर नारिंगी, दुसऱ्यावर काळा असला तर? गर्भ इवलासा असतानाच प्रत्येक पेशी दोन्हींपैकी एक एक्स मिटून टाकते, कोणतं ते छापा-काट्याने! त्या पेशीच्या सगळ्या लेकी मग तोच निर्णय पाळतात. एकीचं घराणं नारिंगी ठिगळ, दुसरीचं काळं. संशोधक मेरी लायन यांनी १९६१ साली ही कल्पना मांडली ती उंदरांवरून. बोक्याला एक्स एकच, त्यामुळे तिरंगी बोका अगदी दुर्मीळ. आणि छापा-काटा किती खरा? २००१ च्या डिसेंबरात टेक्सासमध्ये एका तिरंगी मांजरीची हुबेहूब प्रत, जगातलं पहिलं क्लोन केलेलं मांजर, जन्माला आलं. जनुकं तीच. पण बाळ निघालं करड्या पट्ट्यांचं आणि पांढरं; नारिंगीचा टिपूसही नाही! तीच कापडं, पण तीच गोधडी पुन्हा शिवता येत नाही.

नवव्या दिवशी रात्री मांडीवर काहीतरी थरथरलं. मला वाटलं, मोबाइल. गोधडी घुरघुरत होती. मुठीएवढ्या गळ्यातून इतका खर्ज निघतोच कसा, हे कोडं शास्त्रज्ञांनाही होतं. लहान प्राण्याचा आवाज बारीक असायला हवा. ही तर सेकंदाला पंचवीस-तीस कंपनं, मोठ्या रिक्षाच्या इंजिनासारखी. व्हिएन्नाच्या क्रिस्टियन हर्ब्स्ट यांनी २०२३ साली दुर्धर आजारामुळे मरण द्यावं लागलेल्या आठ मांजरांचे कंठ घेतले आणि त्यांतून उबदार हवा सोडली. ते कंठ घुरघुरले! स्वरतंतूंत मऊ गाद्या असतात, त्या तंतूंना जड करतात आणि आवाज खाली उतरतो. जिवंतपणी स्नायू आणि मेंदू त्यात किती हातभार लावतात यावर अजून वाद आहे.

आणि 'म्यांव'? पिल्लू आईला हाक मारतं तो हा आवाज. मोठी झाल्यावर मांजरं एकमेकांशी फारसं म्यांव करत नाहीत. भांडताना आणि माजावर आल्यावरचे आवाज निराळे. माणसाशी मात्र ती जन्मभर म्यांव करत राहतात. हे अंगाईच्या वयातलं बोलणं त्यांनी आपल्यासाठी राखून ठेवलं आहे. त्यात कारागिरी किती! २००९ साली ससेक्स विद्यापीठात कॅरेन मॅकोम्ब यांनी भुकेच्या वेळची घुरघुर तपासली, तर त्या खर्जाच्या पोटात एक उंच सूर लपवलेला सापडला, तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीतला. पहाटे साडेपाचला मी का उठते ते मला तेव्हा कळलं.

गोधडीच्या लसी झाल्या, पाचव्या महिन्यात नसबंदीचं ऑपरेशन झालं. वर्गणी काढून आम्ही पार्किंगमधल्या तिच्या आईलाही पिंजऱ्यात धरून ऑपरेशन करून आणलं. तिच्या डाव्या कानाचं टोक आता सपाट आहे, झाल्याची खूण. ती अजूनही दहा पावलांवर थांबते. मी वाटी ठेवून मागे सरकते, मग ती येते.

परवा संध्याकाळी ती आमच्या बाल्कनीसमोरच्या भिंतीवर येऊन बसली होती. आतून गोधडी जाळीला नाक लावून. मधे हातभर अंतर. आई बघत होती, लेक बघत होती. दोघींच्या तोंडून चकार शब्द नाही. बराच वेळ तशाच बसल्या. मग आई उठली, भिंतीवरून चालत गेली आणि जांभळाच्या फांदीआड दिसेनाशी झाली.

गोधडी वळली, रिकाम्या वाटीपाशी आली आणि माझ्याकडे मान वर करून म्हणाली, "म्यांव."